सूज येते कुठून: जनुक-कात्रीच्या चाचणीतली माझी दोन वर्षं

कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग मशीनवरून उतरले, की ते मापात आहेत का हे बघायचं. त्या दिवशी एक कामगार रजेवर होता म्हणून सकाळभर मी पाना घेऊन नट आवळायलाही हात लावला. चहाच्या सुट्टीत कप धरायला गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. तळहात पुरीसारखा फुगला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, नुसता फुगत चालला होता.

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "गांधील चावली असंल गं."

मी 'हो' म्हणाले. जन्मभर मी हेच म्हणत आले होते. साखरपुड्याच्या सकाळी वरचा ओठ सुजला तेव्हा डास चावला होता. मुलगी प्राजक्ता झाल्यावर पायाला सूज आली तेव्हा बाळंतपणाची होती. आणि एकोणीस वर्षांची असताना पोटात असं दुखलं, उलट्या थांबेनात, तेव्हा एका दवाखान्यात माझं अपेंडिक्स काढून टाकलं. पुढं तीन महिन्यांनी पोट पुन्हा तसंच दुखलं. आता काढायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून 'पोरगी नाटकी आहे' असं ठरलं.

दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हा माझा धंदा. स्वतःतली चूक सापडायला मला एकोणचाळीस वर्षं लागली.

मिरजेचा दिवस

हाताचं दाखवायला मी मिरजेला गेले. डॉक्टर तरुण होते, माझ्याकडं न बघता लिहीत होते.

"खाज?"

"नाही."

"लाल चट्टे?"

"नाही."

"अ‍ॅलर्जीच्या गोळीनं उतरते?"

"गोळी घेतली तरी तीन दिवस, नाही घेतली तरी तीन दिवस."

इथं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "घरात अजून कुणाला अशी सूज येते?"

"आईच्या पायाला यायची. आता कमी झालीय."

"आणि कुणी अचानक गेलंय का? गळा सुजून?"

माझा मामा असाच गेला होता. मी तेव्हा सात वर्षांची होते. पण आमच्या घरात ती गोष्ट आजार म्हणून कधी सांगितलीच गेली नव्हती. ती वेगळी गोष्ट होती.

रक्ताचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. आजाराचं नाव आनुवंशिक अँजिओएडिमा. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: शरीरात सूज आणणारी एक यंत्रणा असते आणि तिला आवरणारा एक ब्रेक असतो. तुमचा ब्रेक जन्मापासून कमजोर आहे. हातापायाची सूज त्रास देते, पोटातली लोळवते, गळ्यातली जीव घेऊ शकते. आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि पुढं मुलांत जाण्याची शक्यता निम्मी.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. नाटकी नव्हते मी. मग 'मुलांत' हा शब्द कळला आणि प्राजक्ताचा चेहरा समोर आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचंही रक्त तपासलं. तिच्यातही होतं.

मामी

डॉक्टरांनी घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितलं होतं. आई माझ्याजवळच राहते. मी कागद घेऊन तिच्यासमोर बसले.

"मामा कसा गेला, सगळं सांग."

आई म्हसवडकडची. तिचा थोरला भाऊ मेंढरं राखायचा. एका दुपारी घरी येऊन जेवला, थोड्या वेळानं तोंड सुजलं, आवाज बसला, आणि गाडी मिळायच्या आत गेला. एवढं आईनं सांगितलं. पुढचं मला माहीत होतं. जेवण मामीनं वाढलं होतं. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. 'हिनंच काहीतरी घातलं' असं एक जण बोललं, मग सगळे बोलले. दिवसकार्य झाल्यावर तिला माहेरी आटपाडीकडं पोचवलं, ते कायमचं.

"तूपण बोललीस?" मी विचारलं.

आईनं तक्ता बाजूला सारला. "समद्यांच्या आधी मीच बोलले," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आटपाडीची एसटी धरून तिकडं गेलो. मामी भावाच्या घरी राहत होती. अंगणात शेंगा फोडत बसलेली, केस पांढरे झालेले. आईला तिनं लगेच ओळखलं. उठली नाही.

"वन्सं व्हय? बसा की."

मीच रिपोर्ट काढला आणि सांगू लागले. की हा आजार रक्तातून येतो, मामाच्या अंगात होता, आईच्या आहे, माझ्या आहे. जेवणाशी त्याचा काही संबंध नाही. मामी हातातली शेंग न फोडता ऐकत होती.

"म्हंजी, मी न्हाई?"

"नाही मामी."

"मला ठावं होतंच की गं. पर कोन इचारतंय." मग तिनं हात पुढं केला. "त्यो कागद मला दे. त्यात माझं नाव हाय का?"

नाव नव्हतं. असणार कसं? मी रिपोर्टची झेरॉक्स पालथी केली आणि मागं मोठ्या अक्षरात लिहिलं की मामा या आजारानं गेला, मामीचा त्यात काडीचा दोष नव्हता. खाली माझी सही केली. आईला सही येत नाही. तिनं अंगठा कशात बुडवायचा ते कळेना, मग मामीच आतून काजळाची डबी घेऊन आली.

आई तिला म्हणाली, "वैनी, भाकरी हाय का? भूक लागलीया."

मामी चुलीकडं गेली. मी आयुष्यात बरीच जेवणं जेवले. त्या दिवशीच्या भाकरीची आणि हुलग्याच्या पातळ माडग्याची चव मला आठवत नाही, कारण मामीनं वाढलेला घास उचलणाऱ्या आईच्या हाताकडंच मी बघत होते.

सरबाई

आजार कळला म्हणजे सुटला असं नाही. मला ज्या गोळ्या सुरू झाल्या त्या पुरुषी हार्मोनच्या जातीच्या. सूज कमी झाली, पण वर्षभरात ओठावर लव दाट झाली, वजन वाढलं आणि आवाज जाड झाला. फोनवर लोक 'हां सर, बोला सर' म्हणू लागले. कारखान्यातल्या पोरी हसून 'सरबाई' म्हणायच्या, मीही हसायचे. घरी आरशासमोर हसू येत नसे. हे लिहायला संकोच वाटतो, पण कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. या गोळ्या घेणाऱ्या बाईनं असं काही झालं तर डॉक्टरांना जरूर सांगावं. मी दीड वर्ष लाजेनं सांगितलंच नाही.

सांगितलं तेव्हा मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "पुण्यात एका औषधाची चाचणी चालू होतेय. एकदाच सलाईनमधून द्यायचं. ते यकृतात जाऊन जनुकात एक काप घेतं. जाऊन नुसती माहिती घ्या."

मी माहिती घ्यायला गेले आणि अडकले. भीतीनं नाही, उत्सुकतेनं.

पत्ता थोडा, सांगाडा मोठा

पुण्यात चाचणी घेणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला पहिल्याच भेटीत दोन तास दिले. माझा पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझं बिघडलेलं जनुक तुम्ही दुरुस्त करणार?"

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याला हातच लावणार नाही. सूज आणणाऱ्या यंत्रणेतला एक भाग यकृतात बनतो. तो बनवणारं तुमचं चांगलं, चालू जनुक आम्ही बंद पाडणार."

"चांगलं चाललेलं बंद पाडणार?"

"ब्रेक नीट करता येत नाही, म्हणून इंजिनाचा जोर कमी करायचा."

मला हे विचित्र वाटलं आणि पटलंही. मग मी विचारलं, की शरीरात एवढी जनुकं, ती कापणाऱ्या कात्रीला नेमकी जागा कळते कशी? मॅडमनी कागदावर एक वाकडातिकडा धागा काढला. हा आरएनए, त्या म्हणाल्या. याच्या एका टोकाला वीसेक अक्षरं असतात, तो पत्ता. ती अक्षरं जिथं जुळतात तिथंच कात्री चालते.

"पण तुम्ही धागा बराच लांब काढलाय. बाकीची अक्षरं कशाला?"

मॅडम हसल्या. "हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उरलेला भाग स्वतःभोवती दुमडून गाठी घालून बसतो. त्या गाठींना धरून कात्री बसते. त्याला सांगाडा म्हणतात. तो नसेल तर पत्ता एकीकडं आणि कात्री दुसरीकडं. लोकांनी त्या सांगाड्यावरच किती वर्षं घालवलीत. कुठली गाठ ठेवायची, कुठली घट्ट करायची, रक्तात तुकडे होऊ नयेत म्हणून टोकांना काय लावायचं."

मला ते लगेच समजलं. आमच्याकडं भोक पाडायचं असेल तर ड्रिलचं कौतुक सगळे करतात. पण भाग हलू न देणारं आणि ड्रिलला बरोबर जागी नेणारं ते जे लोखंडी फिक्स्चर असतं, ते अर्ध्या केसानं चुकलं तरी अख्खा माल भंगारात जातो. मी मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं, याचा मला अजून अभिमान आहे.

"आणि हे चुकीच्या जागी कापलं तर?"

"तपासलंय. तसं दिसलेलं नाही. पण कधीच होणार नाही असं मी लिहून देणार नाही. म्हणूनच पंधरा वर्षं आम्ही तुम्हाला बोलावत राहणार."

मला हे उत्तर आवडलं. ज्याच्या मापात चूक शून्य असते त्या माणसावर मी कधी विश्वास ठेवत नाही.

घरातली लढाई

माझे मिस्टर दत्तात्रय फौजेतून निवृत्त झालेत. गाव कडेगाव, बोलणं अर्धं गावचं, अर्धं पलटणीचं. ते ऐकूनच तडकले.

"फौजेत आमाला न इचारता सुया टोचल्या. तुला इचारत्यात तर न्हाई म्हन की! ऑर्डर थोडीच हाय?"

"अहो, पण गोळ्यांनी माझं काय झालंय बघताय ना?"

"मला तू हाय तशी चालतीया."

"मला नाही चालत."

खरा घाव मात्र प्राजक्तानं घातला. तिनं माहितीपत्रक माझ्याआधी पूर्ण वाचलं होतं. "आई, हे तुझ्या यकृतापुरतंच आहे. यातलं मला काही मिळणार नाही. आणि माझं वय बसत नाही. मग तू कुणासाठी करतेयस?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. मला वाटलं होतं तिला राग येईल. ती म्हणाली, "मग ठीक आहे. माझ्यासाठी करतेय म्हणाली असतीस तर मी नको म्हणणार होते."

चाचणीत जायचं तर जुन्या गोळ्या बंद करायच्या होत्या. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. सूज आलीच तर घरी टोचायची इंजेक्शनं त्यांनी दिली आणि टोचायचं कसं ते शिकवलं. ज्यांचा विरोध होता त्या माझ्या मिस्टरांनीच आठवडाभर वांग्यावर सराव केला. आमच्या घरी त्या आठवड्यात भरलं वांगं तीनदा झालं. गोळ्या बंद झाल्यावर महिन्याभरात पोटाची सूज दोनदा आली. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्याच झटक्यात नीट सुई टोचली. सुई काढल्यावर मात्र ते बाहेर जाऊन पायरीवर बसायचे.

झाकलेली पिशवी

पुण्यात पहाटेच दाखल झाले. कॅमेऱ्यासमोर संमती पुन्हा वाचून सही केली. एका गोष्टीची मला कल्पना दिली होती: काही जणांना औषध, काही जणांना नुसतं सलाईन. कुणाला काय ते मलाही कळणार नाही, मॅडमनाही नाही. सलाईनच्या पिशवीवर रंगीत आवरण घातलं होतं, आतलं दिसू नये म्हणून. मी पूर्ण वेळ नळीतल्या थेंबांकडं टक लावून बघत होते. पाण्यापेक्षा दाट आहे का? पडायला वेळ लावतोय का? ठाणं मांडून बसलेली सिस्टर म्हणाली, "ताई, सगळे असंच बघतात. कुणालाच कळत नाही."

घरी आल्यावर रोज वहीत लिहायचं: सूज आली का, कुठं, किती वेळ. पहिला आठवडा काही नाही. दुसरा नाही. चौथा नाही. अंग हलकं वाटू लागलं, झोप छान लागू लागली, यकृताच्या जागी काहीतरी गार वाटतंय असंही मी एकदा प्राजक्ताला सांगितलं. मिस्टर कामानिमित्त साताऱ्याला गेले होते, ते कंदी पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटले. सहा आठवडे मी बरी होते.

सातव्या आठवड्यात, दुपारी कामावर, जीभ जड झाली.

इंजेक्शन माझ्या पिशवीत होतं, ते मी स्वतःच टोचलं. सुपरवायझरनं गाडी काढली आणि मला मिरजेपर्यंत नेलं. गळ्यापर्यंत पोचायच्या आत सूज थांबली. पलंगावर पडल्या पडल्या मी मामाचा विचार करत होते. त्याला गाडी मिळाली नव्हती.

सहा महिने पुरे झाल्यावर कुणाला काय दिलं होतं त्याचं पाकीट उघडलं गेलं. मला दिलं होतं ते नुसतं सलाईन.

मला संताप आला. मॅडमना मी विचारलं, "मग ते सहा आठवडे काय होतं? मला खरंच हलकं वाटत होतं."

"वाटत असणारच. आणि या आजारात दोन सुजांमधलं अंतर कधीकधी आपोआपही लांबतं. म्हणूनच काहींना नुसतं पाणी द्यावं लागतं. नाहीतर तुमचे सहा आठवडे आम्ही औषधाच्या खात्यावर धरले असते."

बाहेर येऊन मी बराच वेळ बाकावर बसले. फसवलं म्हणावं तर सगळं आधी सांगितलेलं. मला हळूहळू पटत गेलं की औषध ज्यांना मिळालं त्यांच्यात खरा फरक पडला की नाही, हे माझ्यासारख्यांच्या फुकट गेलेल्या सहा महिन्यांवरूनच कळणार होतं. माझी वही फुकट गेली नव्हती. पटलं, पण रडू आलं ते आलंच.

दुसऱ्यांदा

पाणी मिळालेल्यांना खरं औषध घ्यायची मुभा होती. मिस्टर या वेळी म्हणाले, "अर्धी लढाई सोडून यायची न्हाई."

दुसऱ्यांदा पिशवीवर आवरण नव्हतं. आतलं औषध दिसायला साधंच होतं. पण तासाभरात हुडहुडी भरली, कंबर मोडल्यासारखी दुखू लागली. सिस्टरनं सलाईनचा वेग कमी केला, ब्लँकेट टाकलं आणि माझे पाय चोळले. तिला ते करायची गरज नव्हती. पुढं रक्तात यकृताचा एक आकडा वाढला, तो उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यावं लागलं. तेव्हा मी घाबरले होते. थकवा महिनाभर राहिला. हे सगळं मी सांगतेय, कारण एकदा सलाईन लावलं की झालं, असं कुणाला वाटू नये.

दुसऱ्या आठवड्यात पावलाला थोडी सूज आली. त्यानंतर वहीत रोज एकच शब्द: नाही. या वेळी मी कुणाला पेढे वाटू दिले नाहीत. हलकं वाटतंय का, हेही स्वतःला विचारलं नाही. नुसतं लिहीत गेले. अकरा महिने झाले.

दाढ

या आजारात दात काढणं सगळ्यात धोक्याचं. तोंडात जखम झाली की सूज गळ्याकडं सरकते. माझी खालची एक दाढ सहा वर्षं किडलेली होती. मी दुसऱ्या बाजूनं चावायला शिकले होते. यंदा ती इतकी ठणकू लागली की इलाज उरला नाही. मॅडम म्हणाल्या, "काढून घ्या. पण रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून."

मिरजेत दाढ काढली. शेजारच्या ट्रेवर इंजेक्शनं मांडलेली, गळ्यात नळी घालायचं सामान तयार. मिस्टर दाराशी, सावधान उभे राहतात तसे. दंतवैद्य बाईंनी दाढ दाखवली आणि विचारलं, "ठेवायची का आठवण म्हणून?" मी मान हलवली. नको.

मग आम्ही वाट बघत बसलो. बारा वाजले, दोन वाजले. साडेतीनला माझा गाल फुगू लागला. प्राजक्ता माझ्यासमोर स्टूलवर बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर आले, गाल दाबून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली, गळ्यात टॉर्च मारला.

"दुखतंय?"

"हो. लय दुखतंय."

"लाल झालंय. गरमही लागतंय." ते सरळ उभे राहिले आणि हसले. "ताई, दाढ काढल्यावर माणसाचा गाल सुजतो. ही तीच सूज आहे. सगळ्यांना येते ती."

मला कधीच तशी सूज आली नव्हती. दुखणारी, लाल, कारण ठाऊक असलेली. मी प्राजक्ताकडून आरसा मागितला. उजवा गाल लिंबाएवढा झाला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"आई, कशी दिसतेयस गं," ती म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मिस्टर आईस्क्रीम आणायला खाली गेले. दाढ काढलेल्या माणसाला गार देतात म्हणे.